पळाला तरी दोषी, उडाला तरी दोषी

जानेवारी २०२५ मधे कॅप्टन देवी शरण रिटायर झाले, म्हणजे तेच, १९९९ साली पळवलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या आयसी ८१४ विमानाचे कॅप्टन, आणि ती बातमी निघाल्यावर आमच्याकडे जेवताना परत तोच वाद सुरू झाला जो गेली पंचवीस वर्षं नाताळच्या आगेमागे कुठे ना कुठे होतोच. मामांचं म्हणणं, विमान अमृतसरला उतरलं होतं ना, आपल्याच जमिनीवर होतं ना, मग परत उडवलंच कशाला, बसून राहायचं होतं. आणि पाचच मिनिटांनी नीरजा भनोतचा, म्हणजे १९८६ ला कराचीत पळवलेल्या विमानातल्या एअर होस्टेसचा, विषय निघाला तेव्हा तेच मामा म्हणाले की ती पोरगी मेली आणि पायलट लोक मात्र छतातून पळून गेले, लाज कशी वाटली नाही. मी म्हटलं मामा थांबा, कराचीच्या पायलटांनी विमान उडवायला नकार दिला म्हणून ते भित्रे आणि अमृतसरच्या पायलटनं उडवलं म्हणून तोही भित्रा, मग पायलटनं करायचं काय नक्की? मामा म्हणाले ते मला माहीत नाही पण काहीतरी करायला हवं होतं. हे "काहीतरी" मला गेले कित्येक दिवस छळतंय, म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विमानाचं अपहरण होतं तेव्हा पायलटच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे विमान. ते उडवायचं, उडवायचं नाही, किंवा उडवावंच लागलं तर कमीत कमी माणसं मरतील अशा बेतानं खाली आणायचं. त्याला जाब विचारायचा असेल तर एवढ्याचाच विचारा. बंदूकधाऱ्यांना लोळवणं, त्यांच्याशी बोलणी करणं, धावपट्टी अडवणं, कमांडो वेळेवर पोचवणं ही सगळी दुसऱ्यांची कामं आहेत, आणि ती दुसऱ्यांकडून झाली नाहीत की आपण सगळा हिशोब कॉकपिटमधल्या दोन-तीन माणसांच्या नावावर मांडतो कारण त्यांचे चेहरे आपल्याला माहीत असतात. कमिटीला चेहरा नसतो.

आधी कराची घेऊ, कारण तिथला आरोप जास्त जहरी आहे. ५ सप्टेंबर १९८६, पॅन ॲमचं फ्लाइट ७३, मुंबईहून निघालेलं, पुढे फ्रँकफर्ट आणि न्यूयॉर्कला जायचं होतं, विमानात पावणेचारशेच्या आसपास माणसं, त्यात आपल्याकडची कितीतरी. पहाटे कराचीला उभं असताना विमानतळाच्या सुरक्षारक्षकांसारखे कपडे घातलेले चार बंदूकधारी आत घुसले. हे बोइंग ७४७, म्हणजे कॉकपिट वरच्या मजल्यावर. केबिन क्रूनं इशारा दिला, आणि कॅप्टन, को-पायलट आणि फ्लाइट इंजिनियर तिघंही कॉकपिटच्या छतातल्या इमर्जन्सी झडपेतून बाहेर पडून दोरानं खाली उतरले. वर पोचलेल्या अतिरेक्यांना रिकाम्या खुर्च्या मिळाल्या. त्यांना सायप्रसला जायचं होतं, जाता आलं नाही. शेकडो टनांचं ते विमान त्या क्षणापासून विमान राहिलंच नाही, चाकांवर उभी असलेली एक इमारत झाली.

आता यातला सगळ्यात जड मुद्दा मान्य करतो, लपवत नाही. पायलट मिळत नाहीत म्हणून चिडलेल्या अतिरेक्यांनी भारतीय वंशाच्या एका तरुण अमेरिकन प्रवाशाला दाराशी आणून गोळी घातली आणि खाली टाकून दिलं. पायलट आत असते तर कदाचित तो माणूस त्या वेळी मेला नसता. शेवटी सोळा-सतरा तासांनी विमानातली वीज गेली, अंधार झाला, आणि त्यांनी गर्दीत गोळ्या आणि हँडग्रेनेड चालवले. वीसच्या वर माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. नीरजा प्रवाशांना बाहेर काढताना मेली, दोन दिवसांनी तिचा तेविसावा वाढदिवस होता. हे सगळं खरं आहे, आणि ज्यांचं माणूस त्यात गेलं त्यांनी पायलटांवर राग धरला तर त्यांच्यापुढे मी एक शब्द बोलणार नाही.

पण आपण, लांबून बोलणारे, आपण तरी दुसरी बाजू डोळ्यासमोर आणायला हवी ना? तिघं कॉकपिटमधे बसून राहिले असते तर मानेला बंदूक लागली असती आणि विमान उडालं असतं. मग कुठलं तरी वाळवंट, कुठला तरी लष्करी तळ, किंवा समुद्र. कराचीत दारं उघडल्यावर माणसं स्लाइडवरून घसरून, पंखांवरून उड्या मारून पळू शकली कारण खाली जमीन होती. तीस हजार फुटांवर कुठल्या दारातून उडी मारणार होते? त्या विमानातल्या वाचलेल्या केबिन क्रूपैकी काहींनीही पुढे हेच सांगितलंय की पायलट निघून गेल्याचं आम्हाला बरं वाटलं, निदान आम्ही जमिनीवर तरी होतो. ज्यांना मागे टाकून गेले असं आपण म्हणतो, त्यांच्यातलेच लोक असं म्हणतायत.

हे "कॅप्टननं शेवटी उतरायचं" आपल्याकडे जहाजावरून आलंय. जहाज बुडताना कप्तान मागे राहतो कारण त्याच्या राहण्यानं बोटी नीट सुटतात, गोंधळ कमी होतो, त्याचा उपयोग असतो. अपहरण म्हणजे बुडणं नाही. इथे जहाज शाबूत आहे आणि चोराला ते पळवायचंय, आणि ते चालवण्याची किल्ली म्हणजे कप्तान स्वतः. किल्ली चोराच्या हाती लागू द्यायची नाही तर ती घरात ठेवून कसं चालेल? मराठी माणसाला तर हे समजायला अवघड जाऊ नये. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निघून गेले आणि बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले, बांदलांची माणसं कापली गेली. महाराज पळाले असं आपल्यापैकी कोणी म्हणतं का? शत्रूच्या हाती कोण लागायला नको हे ठरलेलं होतं, त्याप्रमाणे एकानं जायचं होतं आणि दुसऱ्यानं वेळ काढायचा होता. मी माणसांची तुलना करत नाहीये, ती होऊच शकत नाही, प्रसंगाची करतोय. जाणं आणि पळणं यातला फरक ज्या समाजानं साडेतीनशे वर्षं पोवाड्यात गायला त्याला तो विमानाच्या बाबतीत का दिसू नये.

यावर लगेच एन्टेबीचं उदाहरण येतं, आणि यायलाच हवं. जून १९७६ मधे एअर फ्रान्सचं विमान पळवून युगांडात नेलं, तिथे अपहरणकर्त्यांनी इस्रायली आणि ज्यू प्रवासी वेगळे काढले आणि बाकीच्यांना सोडायला लागले. कॅप्टन मिशेल बाकोस यांना जाता येत होतं. ते गेले नाहीत, माझे प्रवासी इथे आहेत म्हणाले, आणि सगळा क्रू त्यांच्याबरोबर थांबला. मला या माणसाबद्दल किती आदर वाटतो ते सांगता येत नाही. पण बघा, तेव्हा प्रवासी जुन्या टर्मिनलच्या इमारतीत होते. विमानाचा खेळ संपला होता. कॅप्टन थांबल्यानं अतिरेक्यांच्या हातात नवीन काही शस्त्र पडत नव्हतं, आणि घाबरलेल्या माणसांना आधार मात्र मिळत होता. म्हणजे बाकोस थांबले आणि कराचीचे तिघं गेले हे एकमेकांच्या उलट वाटतं पण प्रश्न दोन्हीकडे एकच होता, माझ्या इथे असण्यानं लोकांचा जीव जास्त धोक्यात येतो की कमी. उत्तर दोन ठिकाणी वेगळं आलं कारण परिस्थिती वेगळी होती.

आता अमृतसर. इथे मामांच्या बाजूचा मुद्दा असा, आणि तो पोकळ नाही, की कॉकपिटमधे तीन अनुभवी माणसं होती, कॅप्टन, को-पायलट, फ्लाइट इंजिनियर, त्यांनी इंजिन बिघडलंय म्हणायचं, जोरात ब्रेक मारून टायर फोडायचे, काहीही करून विमान तिथेच रुतवायचं. कराचीला जे झडपेतून जाऊन साधलं ते इथे डोकं वापरून साधायचं. कागदावर बरोबर आहे. पण २४ डिसेंबर १९९९ च्या त्या संध्याकाळी काय होतं ते बघा. काठमांडूहून दिल्लीला निघालेलं एअरबस ए३००, पाच अपहरणकर्ते, आणि कराचीसारखं नाही, इथे ते हवेतच कॉकपिटमधे शिरले होते. त्यांना लाहोरला जायचं होतं, लाहोर नाही म्हणालं, आणि कॅप्टननं इंधन पुरणार नाही हे पटवून विमान अमृतसरला आणलं. हे लोक विसरतात! विमान भारतात उतरलं ते कॅप्टनमुळेच उतरलं. ७ वाजून १ मिनिटाला उतरलं, ७.४९ ला उडालं. अठ्ठेचाळीस मिनिटं. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत तो माणूस रेडिओवर पुन्हा पुन्हा इंधन मागत होता, ते लोक प्रवासी मारायला लागलेत असं सांगत होता, मागे प्रवाशांवर चाकूचे वार होत होते, त्यातला एक नुकतंच लग्न झालेला मुलगा होता ज्याचा मृतदेह पुढे दुबईच्या तळावर उतरवला. दिल्लीत क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुपची बैठक चालू होती. एनएसजीचे कमांडो पोचले नव्हते. धावपट्टीवर एक ट्रक आडवा उभा राहिला नव्हता. विमान अडवायला इंधनाचा टँकर पाठवला तो इतका जोरात निघाला की त्याला वेग कमी करायला सांगितलं, तो मधेच थांबला, आणि आतल्या लोकांना संशय आला. मग उडव, नाहीतर एकेकाला मारतो.

आता सांगा, टायर फोडून काय मिळालं असतं? फुटलेले टायर, आत पाच संतापलेले हत्यारबंद लोक, बाहेर कोणी नाही. विमान रुतवण्याला अर्थ तेव्हा असतो जेव्हा बाहेर कोणीतरी तयार उभा असतो. आणि हे मी नुसता तर्क म्हणून सांगत नाहीये, त्याच अमृतसरला हे घडलेलं आहे. एप्रिल १९९३ मधे आयसी ४२७, दिल्ली-श्रीनगर, अपहरणकर्त्याला काबूलला जायचं होतं, लाहोरनं उतरू दिलं नाही, विमान अमृतसरला आलं आणि तिथेच उभं ठेवलं. रात्री एनएसजी आत शिरले, अपहरणकर्ता मेला, प्रवासी सगळे वाचले. तोच विमानतळ, तीच एअरलाइन, लाहोरचा नकारसुद्धा तोच. तेव्हा एकटाच अपहरणकर्ता होता आणि १९९९ ला पाच होते, हा फरक मोठा आहे, मान्य. पण १९९३ ला बाहेर कमांडो होते आणि १९९९ ला नव्हते हा फरक त्याहून मोठा आहे, आणि तो कुठल्याही पायलटनं केलेला नाही.

अमृतसरहून उडाल्यावर लाहोरनं धावपट्टीचे दिवे बंद केले. टाकी जवळजवळ रिकामी, खाली अंधार, उतरायला गेले तर ती धावपट्टी नाही रस्ता आहे असं दिसलं, परत वर खेचलं. मग कुठे लाहोरनं दिवे लावले. मग दुबईजवळचा तळ, तिथे काही प्रवासी सोडले, मग कंदहार, आणि ३१ डिसेंबरपर्यंतचे ते दिवस, आणि तुरुंगातल्या मसूद अझरसकट तीन अतिरेक्यांची सुटका. पुढे जे झालं ते आपण सगळ्यांनी भोगलंय, त्याचा राग मलाही येतो. पण तो राग काढायची जागा कॅप्टनची खुर्ची नाही.

शूर पायलटची उदाहरणं देणारे नेहमी १९७० चं इस्रायलच्या एल ॲल कंपनीचं विमान सांगतात. कॅप्टन उरी बार-लेव्ह यांनी अपहरण सुरू होताच विमान एकदम खाली झुकवून सूर मारला, उभे असलेले अपहरणकर्ते तोल जाऊन पडले, विमान वाचलं. जबरदस्तच आहे ते. पण त्या विमानात सशस्त्र सुरक्षारक्षक होते आणि कॅप्टनला ते माहीत होतं. अपहरणकर्ते पडल्यावर त्यांना धरणारे हात आत होते म्हणून त्या सूर मारण्याला अर्थ आला. हेच आयसी ८१४ वर केलं असतं तर जेवणाच्या ट्रॉल्या आणि प्रवासी उडाले असते आणि दोन मिनिटांनी तेच पाच जण उठून उभे राहिले असते.

आणि बाहेरच्यांनी घात केला तर काय होतं त्याचं उदाहरण लुफ्तान्झाचं, ऑक्टोबर १९७७. कॅप्टन युर्गन शूमान यांनी दुबईत असताना अपहरणकर्ते किती आहेत ते गुपचूप बाहेर कळवलं. पायलटनं करायचं काम, जीव धोक्यात घालून केलेलं. ती गोष्ट बाहेर फुटली आणि आतल्यांना कळली. पुढे एडनला धावपट्ट्या अडवलेल्या असताना विमान वाळूत उतरवावं लागलं, शूमान चाकं तपासायला खाली उतरले, यायला उशीर झाला, परत आले. परत आले हे लक्षात घ्या. त्यांना प्रवाशांसमोर गोळी घातली. को-पायलटनं एकट्यानं विमान मोगादिशूला नेलं आणि तिथे जर्मन कमांडोंनी सगळ्या ८६ प्रवाशांना सोडवलं. शूमान परत आले हे शौर्य होतं यात वाद नाही, पण या शौर्याची अपेक्षा आपण नियम म्हणून करणार का? दर वेळी पायलटनं मरून दाखवलं तरच तो खरा?

मला सगळ्यात जास्त वाटतं ते इथिओपियाच्या कॅप्टन लेउल अबाते यांच्याबद्दल, ज्यांचं नाव आपल्याकडे कोणाला माहीत नसतं. २३ नोव्हेंबर १९९६, अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेलं बोइंग ७६७. तीन अपहरणकर्ते, म्हणाले ऑस्ट्रेलियाला चल. कॅप्टन म्हणाले इंधन नाही, नैरोबीपुरतं आहे. अपहरणकर्त्यांनी विमानातल्या मासिकात वाचलं होतं की हे विमान अकरा तास उडू शकतं, त्यामुळे ते ऐकेनात. मग अबाते यांनी काय केलं, मारामारी नाही, भाषण नाही, समुद्राकडे वळायच्या ऐवजी आफ्रिकेचा किनारा धरून उडत राहिले, म्हणजे वेळ आलीच तर जमीन जवळ असेल. अपहरणकर्त्यांना कळल्यावर त्यांनी वळवायला लावलं, तेव्हा कॅप्टननं कोमोरो बेटांकडे नेलं. इंजिनं एकेक करून बंद पडली, कॉकपिटमधे झटापट चालू, तशात बेटाच्या किनाऱ्यालगत, हॉटेलसमोरच्या पाण्यात विमान उतरवलं जिथे पोहून, बोटी घेऊन मदतीला येणारी माणसं होती. १७५ पैकी १२५ मेले. पन्नास वाचले. आपल्या मोजपट्टीनं हा पायलट नापास, एकशे पंचवीस माणसं गेली, अपहरणकर्त्यांना अडवलंही नाही. पण भर समुद्रात पडलं असतं तर एकही उरला नसता. ते पन्नास जण म्हणजे पायलटच्या कामाची खरी व्याख्या आहे असं मला वाटतं. आणि हे त्यांचं तिसरं अपहरण होतं.

११ सप्टेंबर २००१ नंतर तर सगळं उलटंपालटं झालं. तोपर्यंत अपहरणकर्त्याला पायलटची गरज असायची, तेच पायलटचं आणि प्रवाशांचं संरक्षण होतं, म्हणून शिकवण अशी की वाद घालू नका, ऐका, उतरवा, बाकीचं जमिनीवर बघू. त्या दिवशी आलेल्यांना स्वतःला उडवता येत होतं. मग जगभर कॉकपिटची दारं मजबूत झाली, आतून बंद. आपल्याकडे २००५ साली सरकारनं धोरण ठरवलं की पळवलेलं विमान भारतात उतरलं तर परत उडू द्यायचं नाही, म्हणजे अमृतसरचा धडा सहा वर्षांनी कागदावर आला. आणि दाराचा अर्थ काय होतो ते जरा थांबून बघा. मागे कोणाच्या गळ्यावर सुरी ठेवली, इंटरकॉमवर ओरडणं ऐकू येतंय, तरी दार उघडायचं नाही. कराचीच्या तिघांनी जे केलं, कॉकपिट आणि केबिन तोडून वेगळं करणं, तेच आज प्रत्येक फ्लाइटमधे आधीपासून करून ठेवलेलं असतं. आपण त्या दारामागे निवांत झोपून प्रवास करतो आणि १९८६ च्या पायलटांना पळपुटे म्हणतो.

दारानं सगळं सुटलं असंही नाही, २०१५ मधे जर्मनविंग्स कंपनीच्या को-पायलटनं कॅप्टनला बाहेर कोंडून तेच दार वापरून स्वतःसकट १५० माणसं मारली. आणि दार बंद झालं की केबिन एकटी पडते. नीरजाच्या नावाचा चौक घाटकोपरला आहे, अशोकचक्र मिळालं, योग्यच आहे, पण कॉकपिट वेगळं ठेवायचं हे एकदा मान्य केलं की मागे उरलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींना आपण काय देतो, किती शिकवतो, त्यांच्या शब्दाला किती मान देतो हा प्रश्न पुढे येतो. तो प्रश्न पायलटांना शिव्या दिल्यानं झाकला जातो. माझा खरा राग इथे आहे.

ऑक्टोबर २०२४ मधे आपल्या विमानांना बॉम्बच्या खोट्या धमक्यांचा पाऊस पडला. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान दिल्लीला उतरवलं, दुसऱ्या दिवशी दिल्ली-शिकागो विमान कॅनडाच्या उत्तरेला इकालुइट नावाच्या छोट्या गावात, २११ माणसं, पुढे त्यांना कॅनडाच्या हवाई दलाच्या विमानानं शिकागोला पोचवलं. तेव्हाही हेच ऐकलं, खोटीच तर होती, पायलटनं उगाच एवढं केलं. म्हणजे उतरवलं तरी चूक! ज्याला हवेत बसून खरं-खोटं तपासता येत नाही त्यानं जवळात जवळची धावपट्टी धरली, तपासणी ज्यांचं काम आहे त्यांच्या हवाली विमान केलं. हेच काम आहे. यात टाळ्या पडत नाहीत.

हे सगळं मी त्या दिवशी जेवताना इतकं नीट सांगू शकलो नाही, अर्ध्यात मामी भात वाढायला आली. मामा बराच वेळ गप्प होते. ताट सरकवून हात धुवायला उठता उठता म्हणाले, "बरं, पण मग त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत एक ट्रक आडवा लावायला कोणी नव्हतं का रे?"